बर्फाच्या देशातील तीन भाषांची शाळा

घरी एक भाषा, शाळेत दुसरी आणि कचेरीत तिसरी, हा अनुभव आमच्या वाचकांपैकी पुष्कळांच्या घरचाच आहे. बेळगावकडील कुटुंबात मराठी वा कोंकणी, तर बाजारात व कचेरीत कन्नड, बडोद्यास गुजराती, इंदूर-ग्वाल्हेरकडे हिंदी, आणि मुलाच्या दप्तरात बहुधा इंग्रजी. मुलाचे नाव शाळेत घालण्याचा दिवस आला म्हणजे आईबाप विचारात पडतात. आपली भाषा ठेवावी तर मूल मागे पडेल की काय ही धास्ती, आणि परकी घ्यावी तर ते आजीआजोबांस पारखे होईल ही हुरहुर.

हीच धास्ती आणि हीच हुरहुर कॅनडा देशाच्या उत्तरेस, वर्षातील बराच काळ बर्फात काढणाऱ्या इनुइट लोकांच्या घरांतही आहे. त्यांच्या मुलांस तीन भाषांशी गाठ घालावी लागते: घरची इनुक्टिटुट, आणि बाहेरच्या जगाच्या इंग्रजी व फ्रेंच. या लोकांनी आपल्या शाळा स्वतःच्या हाती घेऊन या प्रश्नाचे एक उत्तर शोधून पाहिले आहे. ते पूर्णपणे साधले आहे असे नाही. तथापि त्यापासून शिकण्यासारखे इतके आहे की, ती हकीकत वाचकांपुढे ठेवावी असे आम्हांस वाटले.

समुद्रकाठचे गाव

क्यूबेक हा कॅनडाचा फ्रेंच भाषेचा प्रांत. त्याचा उत्तरेकडील सुमारे एकतृतीयांश भाग 'नुनाविक' या नावाने ओळखला जातो. एवढ्या विस्तीर्ण प्रदेशात इनुइट लोकांची अवघी १४ गावे आहेत, आणि ती समुद्राच्या किंवा खाडीच्या काठाने विखुरलेली आहेत. एका गावाहून दुसऱ्या गावास जाणारी सडक नाही. माणसे लहान विमानाने ये-जा करतात. उन्हाळ्यात समुद्र मोकळा झाला म्हणजे जहाजे येतात आणि वर्षभराचे जड सामान उतरवून जातात.

'इनुइट' या शब्दाचा अर्थ 'माणसे' असा आहे. एकट्या माणसास 'इनुक' म्हणतात. आपल्या भूगोलाच्या जुन्या पुस्तकांत यांनाच 'एस्किमो' म्हटलेले असे. पण ते नाव परक्यांनी दिलेले असून या लोकांना ते रुचत नाही.

या १४ गावांपैकी कांगिक्सुयुआक हे एक. हडसन सामुद्रधुनीच्या दक्षिण तीरावर, मॉन्ट्रिअल शहराच्या उत्तरेस सुमारे १८०० किलोमीटरांवर ते वसले आहे. २०२१ च्या शिरगणतीत गावाची वस्ती ८३७ भरली. म्हणजे आपल्याकडील एखाद्या लहानशा वाडीएवढी. झाड दृष्टीस पडत नाही. डिसेंबरात दिवस जेमतेम पाच-साडेपाच तासांचा असतो.

येथील समुद्राला भरती-ओहोटी फार मोठी. हिवाळ्यात वर जाड बर्फाचे छत धरलेले असते, आणि मोठ्या ओहोटीला खालचे पाणी हटून त्या छताखाली पोकळी निर्माण होते. अशा वेळी गावचे लोक बर्फाला भोक पाडून खाली उतरतात, तळाच्या खडकांवरचे शिंपले खरवडून गोळा करतात आणि भरतीचे पाणी परतण्याच्या आत वर येतात. आपल्या किनाऱ्यावरील बायाबापड्या ओहोटीला शिंपले-खुबे काढतात, तसेच हे काम. फक्त डोक्यावर बर्फाचे छत. कोणत्या भेगेशी पाय जपून ठेवायचा, कोणता आवाज ऐकताच वर चढायचे, हे मूल थोरांच्या मागे जाऊन शिकते, आणि शिकते ते इनुक्टिटुट शब्दांतून. भाषा गेली म्हणजे हे ज्ञानही कसे सैल होत जाते, याची कल्पना एवढ्यावरून यावी.

एका शब्दात एक वाक्य

इनुक्टिटुट ही मोठी विलक्षण भाषा आहे. आपण चार शब्द जोडून जे सांगतो, ते ती एका शब्दात सांगते. 'इल्लू' म्हणजे घर. (इंग्रजीत गेलेला 'इग्लू' हा शब्द तोच, तो केवळ बर्फाच्या घरापुरता नाही.) 'इल्लुलिउर्तुक' म्हणजे 'तो घर बांधीत आहे', आणि 'इल्लुलिउरुमायुंगा' म्हणजे 'मला घर बांधावयाचे आहे'. मूळ शब्दाला एकामागून एक प्रत्यय लागत जातात आणि शब्दच वाक्य होऊन बसतो. आमच्या या गावाचे नावही तसेच, 'मोठा उपसागर' अशा अर्थाचे.

त्यांची मोजणी विसांची आहे. हातापायांची बोटे संपली की एक वीस झाली. विसाला त्यांचा शब्द 'अवातित', आणि त्याचा संबंध हातापायांशीच आहे. आपल्या आज्या कोंबडीची अंडी 'दोन विसा, तीन विसा' अशी मोजीत, त्याची येथे आठवण होते. गंमत अशी की, फ्रेंच लोकही ऐंशीला 'चार विसा' अशाच अर्थाचा शब्द वापरतात. पण शाळेच्या पुस्तकातील गणित दहांचे. घरी विसांनी मोजणाऱ्या मुलाला शाळेत दहांनी मोजावयाचे, आणि तेही परक्या भाषेत, हे ओझे बाहेरून आलेल्या शिक्षकाच्या सहसा लक्षात येत नाही.

आईने शिकविलेली अक्षरे

या भाषेला स्वतःची लिपी आहे, आणि तिची कहाणी आपणांस जवळची वाटावी अशी आहे. १८४० साली जेम्स इव्हान्स नावाच्या मेथडिस्ट मिशनऱ्याने कॅनडातील क्री नावाच्या आदिवासींसाठी एक नवी अक्षरमाला तयार केली. पुढे अँग्लिकन मिशनऱ्यांनी ती इनुइट भाषेला बसविली, आणि १८७६ मध्ये त्या भागात आलेल्या एडमंड पेक यांनी तिचा मोठा प्रसार केला. तिची रचना बाराखडीसारखी आहे. व्यंजनाला एक आकृती, आणि ती आकृती ज्या दिशेस वळवावी तसा स्वर बदलतो. 'प'ची आकृती एखाद्या कोनासारखी. टोक वर असले तर 'पि', उजवीकडे असले तर 'पु', डावीकडे असले तर 'पा'. ही लिपी रचताना इव्हान्सपुढे पिटमनची लघुलिपी होती आणि आपली देवनागरीही होती, असे अनेक अभ्यासकांचे मत आहे. ज्या अक्षरांत आपण हा मजकूर वाचीत आहात, त्यांची एक दूरची छाया त्या बर्फाळ गावातील मुलांच्या पाटीवर पडली आहे, हे वाचून कोणास कौतुक वाटणार नाही?

याहूनही मोलाची गोष्ट ही की, ही अक्षरे शाळा येण्याच्या पुष्कळ आधी घराघरांत पोहोचली होती. आई मुलांना शिकवी, थोरला धाकट्याला शिकवी. शिकारीच्या तळावर, सीलच्या चरबीवर जळणाऱ्या दगडी दिव्याच्या उजेडात लोक प्रार्थनापुस्तके वाचीत व एकमेकांस चिठ्ठ्या लिहीत. शाळेचे तोंड न पाहिलेला हा समाज साक्षर होता.

परकी शाळा

१९५० च्या सुमारास कॅनडाच्या केंद्र सरकारने उत्तरेकडे शाळा उघडण्यास आरंभ केला. त्या शाळांची भाषा इंग्रजी होती. मूल सहा वर्षांचे होऊन वर्गात आले की, त्याला घरच्या भाषेचे दार बंद. पुस्तकांत झाडे, गाई, आगगाड्या आणि शेते. त्यांतील काहीच मुलाने पाहिलेले नाही. शाळेसाठी कुटुंबे शिकारीचे भटकणे सोडून एका ठिकाणी राहू लागली. बापाबरोबर बर्फावर जाण्याच्या वयात मुलगा वर्गात बसू लागला.

कॅनडात याहून कठोर प्रकारही घडला. आदिवासी मुलांना घरापासून दूर नेऊन वसतिगृहाच्या शाळांत ठेवण्याची पद्धत तेथे शंभराहून अधिक वर्षे चालली. दीड लाखाहून अधिक मुले त्या शाळांतून गेली. त्या सरकारच्या पैशाने चालत, आणि पुष्कळ ठिकाणी त्या चालविणारे हात ख्रिस्ती पंथांचे होते. त्यांत आपलेही होते. हडसन उपसागराच्या पश्चिम तीरावर चेस्टरफील्ड इनलेट येथे कॅथलिक मिशनने चालविलेले असे एक वसतिगृह होते. ते १९६९ मध्ये बंद झाले. अशा शाळांत आपली भाषा बोलल्याबद्दल मुलांना शिक्षा होत असे, आणि कित्येकांच्या वाट्याला याहून वाईट छळ आला. १९९१ मध्ये कॅनडातील ओब्लेट संघाने त्याबद्दल क्षमा मागितली. २००८ मध्ये पंतप्रधानांनी देशाच्या संसदेत क्षमा मागितली. २०१५ मध्ये सत्यशोधन आयोगाचा सविस्तर अहवाल प्रसिद्ध झाला. २०२२ च्या जुलैत पोप फ्रान्सिस वृद्धापकाळी, चाकाच्या खुर्चीचा आधार घेत, उत्तरेतील इकालुइट गावापर्यंत गेले आणि त्यांनी इनुइट लोकांपुढे क्षमायाचना केली.

हे लिहिताना आम्हांस संकोच वाटतो. पण ते लपविणे उचित नव्हे. ज्या मिशनऱ्यांनी या लोकांची लिपी घडविली, शब्दकोश रचले, त्यांच्याच पंथांच्या छपराखाली मुलांच्या तोंडची भाषा काढून घेतली गेली. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत, आणि दोन्ही लक्षात ठेवावयास हव्यात.

मितियार्युकची वही

आता कांगिक्सुयुआक गावाकडे परत येऊ. येथे १९३६ मध्ये ओब्लेट संघाचे कॅथलिक मिशन सुरू झाले. १९५० नंतरच्या दशकात फादर रोबेर लेशा हे फ्रेंच धर्मगुरू तेथे होते. त्यांना लोकांची भाषा नीट शिकावयाची होती. गावात मितियार्युक नप्पालुक नावाची एक तरुण स्त्री होती. तिचा जन्म १९३१ चा. घरात मुलगा नसल्यामुळे वडिलांनी तिला शिकारही शिकविली होती. त्यामुळे बायकांच्या कामाचे शब्द जसे तिच्या ओठांवर, तसेच पुरुषांच्या कामाचेही. ती शाळेत गेलेली नव्हती, पण अक्षरे तिला येत होती.

फादरांनी तिला विनंती केली की, रोजच्या जीवनातील जितके शब्द आठवतील तितके वापरून काही वाक्ये लिहून दे. तिने लिहावयास आरंभ केला. परंतु सुटी वाक्ये लिहिता लिहिता तिला कंटाळा आला असावा, किंवा आतील झरा मोकळा झाला असावा. वाक्यांत माणसे आली. सनाक नावाची एक विधवा, तिची लहान मुलगी कुमाक, शेजारीपाजारी, शिकार, तंबू, बर्फाची घरे, भांडणे, लग्ने, आणि शेवटी गोऱ्या माणसांचे आगमन. एकामागून एक प्रसंग जुळत गेले. जिने जन्मात कादंबरी पाहिली नव्हती, तिच्या हातून कादंबरी लिहिली गेली.

मध्ये आजारपणामुळे तिला दक्षिणेच्या इस्पितळात राहावे लागले. लेखन थांबले, पुन्हा सुरू झाले. पुढे मानववंशशास्त्रज्ञ बेर्नार सालादँ द'आंग्लूर यांनी ते हस्तलिखित मनावर घेतले, आणि १९८४ मध्ये 'सनाक' हे पुस्तक इनुइट लिपीत छापून निघाले. २००२ मध्ये त्याचे फ्रेंच व २०१४ मध्ये इंग्रजी भाषांतर झाले. मितियार्युकने प्रार्थनापुस्तकाच्या भाषांतराला साहाय्य केले, आणि शाळांत आपली भाषा शिकविण्याच्या कामाला आयुष्याची पुष्कळ वर्षे दिली. २००० मध्ये मॅकगिल विद्यापीठाने तिला सन्माननीय डॉक्टरेट दिली, आणि २००४ मध्ये देशाचा 'ऑर्डर ऑफ कॅनडा' हा किताब तिला मिळाला. २००७ मध्ये ती निवर्तली.

या हकीकतीत आम्हांस एक गोष्ट विशेष वाटते. फादर शिकावयास गेले होते. गुरू ती होती. त्याच काळात सरकारी शाळेत तिच्या गावच्या मुलांना तिची भाषा निरुपयोगी म्हणून बाजूस ठेवावयास शिकविले जात होते, आणि येथे एक परका माणूस तिच्यापुढे वही ठेवून 'मला शिकव' म्हणत होता. एका विचारण्यातून एक ग्रंथ जन्मास आला. आपल्या फादर स्टीफन्सनी चारशे वर्षांपूर्वी गोव्यात मराठीत 'क्रिस्तपुराण' रचले, तेही प्रथम लोकांच्या पायांशी बसून भाषा शिकल्यावरच.

शाळा आपल्या हाती

१९७१ मध्ये क्यूबेक सरकारने उत्तरेकडील नद्यांवर प्रचंड वीजप्रकल्प जाहीर केला. क्री व इनुइट लोकांना कोणी विचारलेही नव्हते. ते न्यायालयात गेले, आणि अखेर ११ नोव्हेंबर १९७५ रोजी सरकारला त्यांच्याशी करार करावा लागला. जमीन, पैसा, शिकारीचे हक्क यांबरोबर इनुइट लोकांनी त्यात एक मागणी घातली: आमच्या मुलांच्या शाळा आम्ही चालवू. त्यातून 'कातिविक' शिक्षणमंडळ उभे राहिले आणि १९७८ पासून नुनाविकच्या शाळांचा कारभार त्याच्याकडे आला. मंडळावर गावोगावचे निवडून दिलेले लोक बसू लागले. आज त्याचे नाव 'कातिविक इलिसार्निलिरिनिक' असे आहे. कांगिक्सुयुआकची आर्सानिक शाळा याच मंडळाची.

शिक्षणाची सर्वसाधारण वाटणी अशी आहे. बालवर्गापासून दुसरीपर्यंत सर्व शिक्षण इनुक्टिटुटमध्ये, इनुइट शिक्षिकेकडून. मूल वाचन, लेखन व मोजणी प्रथम आपल्या भाषेत शिकते. तिसरीत अर्धा वेळ इनुक्टिटुट, अर्धा वेळ दुसरी भाषा. चौथीपासून मुख्य माध्यम इंग्रजी किंवा फ्रेंच. यांपैकी कोणते, ते आईबापांनी ठरवावयाचे. इनुक्टिटुट मग एक विषय म्हणून राहते, आणि तिच्या जोडीला शिवण, शिकार, हत्यारे बनविणे यांचे तास असतात.

यासाठी शिक्षक हवे होते, आणि ते गावांतच तयार करावयाचे होते. मॅकगिल विद्यापीठाशी हातमिळवणी करून मंडळाने असा अभ्यासक्रम सुरू केला की, शिक्षिकेने घरदार सोडून शहरात जाऊ नये. शिक्षणच तिच्या गावाकडे यावे, आणि तेही तिच्या भाषेत. लेकुरवाळ्या बायकांनी वर्षानुवर्षे, एकेक विषय पुरा करीत, हे प्रशिक्षण घेतले आहे.

अभ्यासकांना काय आढळले

पण आपल्या भाषेत तीन वर्षे घालविल्याने मूल इंग्रजी-फ्रेंचमध्ये मागे पडत नाही काय? हा प्रश्न तेथील आईबापांनीही विचारला. डोनाल्ड टेलर, स्टीफन राइट आदी मानसशास्त्रज्ञांनी नुनाविकमध्ये राहून त्याचा शोध घेतला. बालवर्गापासून इनुक्टिटुटमध्ये शिकणारी मुले आणि पहिल्या दिवसापासून इंग्रजी वा फ्रेंचमध्ये शिकणारी इनुइट मुले यांची त्यांनी तुलना केली.

१९९५ मध्ये त्यांनी प्रसिद्ध केलेला एक निष्कर्ष हृदयाला भिडणारा आहे. मुलांपुढे त्यांचा स्वतःचा व इतर मुलांचे फोटो ठेवून, 'यांत हुशार कोण', अशासारखे प्रश्न विचारण्यात आले. आपल्या भाषेत शिकलेल्या मुलांच्या मनात वर्षअखेर स्वतःविषयीचा विश्वास वाढलेला दिसला. परक्या भाषेच्या वर्गातील मुलांत ती वाढ दिसली नाही. पाच-सहा वर्षांचे ते लेकरू! पुस्तकातले काही कळण्याआधी त्याला हे कळते की, शाळा माझ्या आईची भाषा बोलते की नाही.

२००० मध्ये प्रसिद्ध झालेल्या दुसऱ्या अभ्यासात असे दिसले की, इंग्रजी वा फ्रेंच वर्गांतील मुलांची इनुक्टिटुट, घरी ती रोज कानांवर पडत असूनही, वाढावयाची थांबते. बोलण्यापुरती ती राहते. पण विचार मांडण्यास, कोडे सोडविण्यास, वाचण्यास लागणारी भाषा होत नाही. इनुक्टिटुट वर्गांतील मुलांची भाषा मात्र त्या वळणाने वाढत गेली. २००९ मधील आणखी एका अभ्यासाने शंका बरीच दूर केली. ज्या मुलांचा इनुक्टिटुटचा पाया पक्का, तीच मुले पुढे इंग्रजीत वा फ्रेंचमध्येही सरस ठरली. वाचणे म्हणजे काय, हे मूल एकदाच शिकते. ते कळणाऱ्या भाषेत शिकले म्हणजे दुसऱ्या भाषेत फक्त शब्द नवे असतात.

चौथीचा उंबरठा

असे असले तरी सर्व काही सुरळीत आहे, असे वाचकांनी समजू नये. खरी अडचण चौथीच्या उंबरठ्यावर येते. कालपर्यंत जी मुले आपल्या मावशी-काकूसारख्या बाईंच्या हाताखाली शिकत होती, ती आता दक्षिणेकडून आलेल्या, त्यांच्या भाषेचा एक शब्द न जाणणाऱ्या शिक्षकापुढे बसतात. असे शिक्षक पुष्कळदा वर्ष-दोन वर्षांत परत जातात. मुलाने एकाशी ओळख करून घ्यावी तोच दुसरा येतो. घरांची टंचाई, शिक्षकांची टंचाई, वर्गातील गैरहजेरी या तक्रारी वर्षानुवर्षे चालू आहेत, आणि माध्यमिक शाळा अर्धवट सोडणारी मुले फार आहेत.

माध्यमाची निवडही सोपी नाही. क्यूबेकात नोकरी हवी तर फ्रेंच पाहिजे. कॅनडाच्या इतर भागांतील इनुइट बांधवांशी व मोठ्या जगाशी व्यवहार करावयाचा तर इंग्रजी पाहिजे. एकाच घरात थोरला फ्रेंच वर्गात आणि धाकटी इंग्रजी वर्गात, असेही होऊ शकते. मग त्या भावंडांना जोडणारी भाषा आईची तेवढी उरते. म्हणून अनेकांचे म्हणणे असे की, तीन वर्षे पुरेशी नाहीत. इनुक्टिटुट वरच्या वर्गांपर्यंत न्यावी. पण त्यासाठी विज्ञानाची, इतिहासाची, गणिताची पुस्तके हवीत आणि ती शिकविणारी माणसे हवीत. ती एका दिवसात निर्माण होत नाहीत.

लॅब्राडॉरचा इशारा

मग एवढा खटाटोप कशासाठी, असे कोणी विचारील. त्याचे उत्तर शेजारच्याच किनाऱ्यावर आहे. नुनाविकच्या पूर्वेस लॅब्राडॉर. तेथे मोरेव्हियन मिशनरी १७७१ मध्ये आले. त्यांनी शाळा काढल्या आणि त्या इनुइट भाषेतच चालविल्या. पावणेदोनशे वर्षे ती भाषा वर्गात, देवळात व घरात नांदत होती. १९४९ मध्ये तो प्रदेश कॅनडात सामील झाला आणि शाळांची भाषा इंग्रजी झाली. कोणी ती भाषा बोलणाऱ्यांना देशोधडीस लावले नाही. फक्त शाळा बदलली. आज तेथील इनुइट लोकांपैकी पाचांत सुमारे एकालाच आपली भाषा बोलता येते. नुनाविकमध्ये मात्र दहांतील नऊहून अधिक इनुइट आजही इनुक्टिटुट बोलतात.

या फरकाचे सारे श्रेय शाळेचेच, असे आम्ही म्हणत नाही. नुनाविकची गावे अधिक दूर आहेत, गोऱ्यांची वस्ती तेथे विरळ आहे. पण दोन पिढ्यांत काय जाऊ शकते, हे लॅब्राडॉर दाखविते. पहिल्या पिढीतील आई विचार करते, 'माझ्या मुलाला शाळेत त्रास नको', आणि त्याच्याशी मोडक्यातोडक्या इंग्रजीत बोलू लागते. तिचा हेतू प्रेमाचाच असतो. दुसऱ्या पिढीत नातवंड आजीजवळ बसते, आणि दोघांना एकमेकांचे बोलणे कळत नाही.

आपल्या ओसरीवर

या दूरच्या लोकांकडून आपण काय घ्यावे? आम्ही कोणास 'अमुकच माध्यम घ्या' असे सांगू इच्छीत नाही. पोटापाण्याची काळजी खरी आहे, आणि इंग्रजी वा प्रांताची भाषा मुलांना आलीच पाहिजे. नुनाविकचे आईबापही तेच म्हणतात. त्यांना तिन्ही भाषा हव्या आहेत. त्यांचा आग्रह एवढाच आहे की, पाया घरच्या भाषेचा असावा.

हा पाया घालण्याचे काम शाळेवर सोपवून आपण मोकळे होऊ शकत नाही. मितियार्युकच्या आधीच्या पिढ्यांनी शाळेवाचून मुलांना अक्षरे दिली, हे आठवावे. ज्या घरचे मूल परक्या माध्यमात जाते, त्या घराने तर अधिकच जागे राहावे. संध्याकाळची प्रार्थना आपल्या भाषेत व्हावी. रात्री आजीने गोष्ट सांगावी आणि ती मध्येच इंग्रजीत वळवू नये. मुलाला घरच्या भाषेत चार ओळी लिहिता याव्यात, मामाला पत्र धाडता यावे, हे साप्ताहिक हाती घेऊन थोरांना वाचून दाखविता यावे. सुटीत त्याला शेतावर, होडीवर, स्वयंपाकघरात न्यावे आणि प्रत्येक वस्तूचे नाव विचारू द्यावे. भाताच्या लावणीचे, जाळ्याच्या विणीचे, लोणच्याच्या मसाल्याचे शब्द क्रमिक पुस्तकात सापडत नाहीत. ते घरच्या वडीलधाऱ्यांजवळ आहेत.

आणि एखाद्या घरात अशी आजी असेल, जिला पुष्कळ आठवते, तर तिच्या नातवाने एक कोरी वही घ्यावी आणि फादर लेशांप्रमाणे तिच्याजवळ जाऊन बसावे. "आजी, तुझ्या लहानपणीचे सांग," एवढे म्हणावे. पुढचे ती सांगेल.